नरसाळं धरणारा हात

चनबसप्पाचा आवाज गेला, पण हात शाबूत होता. मंगळवार पेठेत मिरचीची अडत चालवताना हमालाच्या थोबाडीत द्यायची आणि घरी आलं की बायकोच्या पाठीत घालायची, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. घशात कर्करोग निघाला तरी नेम मोडला नाही. मारणारा माणूस आजारी पडला म्हणून देव होत नाही. लोक म्हणतात होतो. ते लोक त्या घरात राहत नसतात.

मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्या पोटाला भोक पाडून बोटाएवढी रबरी नळी बसवली होती आणि गळ्यावर यंत्राचे शेक दिले होते. वीस झाले, दहा राहिले. महिन्याने या, अंगात रग असली तर उरलेले देऊ, नसली तर कशाला येता, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. रग यायची ती नळीतूनच. दिवसातून पाच वेळा नळीच्या तोंडाला नरसाळं लावायचं आणि दूध, गुळाचं पाणी, फडक्यातून गाळलेली ज्वारीची पेज त्यात सावकाश ओतायची. हे काम त्याच्या बायकोचं, गुरम्माचं. घाईनं ओतलं की त्याच्या पोटात कळ उठे, पेज गार झाली की उमासे येत, आणि दोन्ही वेळा तो हाताला लागेल ते तिच्यावर फेकी. एकदा पितळी तांब्या भुवईवर बसला. तिनं हळद दाबली आणि डोळ्यात उतरणारं रक्त पुसत पुसत उरलेली पेज ओतून संपवली.

शेकाचा खरा गुण घरी आल्यावर दिसला. मान तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी काळी पडली, मग पापुद्रे सुटले आणि आतलं लाल मांस उघडं पडलं. तोंडात थुंकी राहिली नाही. होती ती डिंकाची तार, बोटानं ओढून काढावी लागे. मानेला सदऱ्याची कॉलरसुद्धा टेकू द्यायची नाही, अशी ताकीद होती.

आणि चनबसप्पा तर लिंगायत. जन्मल्यापासून गळ्यात लिंग, चांदीच्या करडगीत, छोट्या डबीत, ठेवलेलं, दोऱ्यानं छातीवर लोंबणारं. रोज ते तळहातावर घेऊन पुजायचं, मगच अन्नाला शिवायचं. मुंबईत तो बेशुद्ध असताना नर्सनं दोरा काढला. तेव्हापासून करडगी भिंतीतल्या देवळीत होती आणि तो तिकडं तोंड करून निजायचा. तरी पेज घेत होता.

मग अक्कलकोटाकडून त्याची आई आली, नागव्वा. लेकाची मान पाहायच्या आधी तिनं विचारलं, लिंग कुठं आहे? अंगावर लिंग नसलेला माणूस मेलेलाच, आणि मेलेल्याच्या पोटात पेज ओतणारी ही कसली बाई, असं ती उशाशी बसून दिवसभर बोलत राहिली. चनबसप्पानं ऐकलं. संध्याकाळी गुरम्मा नरसाळं घेऊन आली तेव्हा त्यानं नळी मुठीत आवळून धरली आणि लाथ झाडली. दुसरा दिवसही तसाच गेला. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली.

तिसऱ्या सकाळी गुरम्मा पाणी भरून आली आणि दारातच थबकली. नागव्वानं नवा दोरा वळून लिंग त्याच्या गळ्यात बांधलं होतं. दोरा मांसात रुतला होता, छातीपर्यंत रक्त आणि लस. चनबसप्पा तोंड उघडं टाकून पडला होता. दोन्ही हातांनी गादी ओरबाडत होता, पण दोऱ्याला हात लावत नव्हता. म्हातारी मात्र समाधानानं बसली होती. तिनं गुरम्माला फर्मावलं, आता ओत.

गुरम्मानं पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला.

"अत्ती, सरका बाजूला."

"लिंग तोडतीस? रांडमुंड व्हायची हौस आलीया व्हय गं तुला?" सासूनं तिचा अंबाडा धरला आणि मागं ओढलं. गुरम्मानं कोपर मारलं. म्हातारी भिंतीवर आदळून खाली बसली. गुरम्मानं अडकित्ता दोऱ्यात घालून दाबला. दोरा तुटला आणि त्याला चिकटलेली कातडी सोलून बाहेर आली. चनबसप्पा उठून बसला नि त्यानं तिच्या कानावर मूठ घातली. कान बधिर झाला.

आणि तिचा हात उठला. सबंध तळहात त्याच्या गालावर फुटला. वीस वर्षांत पहिल्यांदा. तो तिच्याकडं बघत राहिला, जणू घरातल्या जात्यानं मारलं.

"मरायचं असंल तर तसं सांगा," ती म्हणाली. "नळी आत्ता उपटून देते. पर उपाशी मारल्याचं पाप माज्या माथी नको."

भिंतीशी म्हातारी कानडीत शिव्या देत रडत होती. गुरम्मानं तिकडं पाहिलंही नाही. तिनं करडगी उघडली, लिंग पाण्यानं धुतलं, विभूती लावली आणि त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवलं.

"पूजा हातावर करत्यात का गळ्यावर? धरा."

त्याची बोटं लिंगाभोवती मिटली. डोळे मिटून तो ओठ हलवत राहिला. संपेपर्यंत ती थांबली. मग तिनं नळीला नरसाळं लावलं आणि त्याच्या उजव्या हातात कोंबून तो हात वर उचलला.

"आन् हे बी धरा. आता मारायचं तर दोनातलं एक सोडावं लागंल. काय सोडताय ते बघा."

एरवी ओतताना ती मान तिरकी ठेवी, मार चुकवायला. आज अगदी त्याच्या समोर, हाताच्या टप्प्यात बसली. सुजलेला कान त्याच्या बाजूला होता. त्याच्या कपाळाची शीर उडत होती, नरसाळं थरथरत होतं. तिनं वाटी कलती केली. पेज काठाशी थांबली, एक बुडबुडा आला आणि मग ती खाली सरकली.

"हलवू नगा," ती म्हणाली आणि दुसरी वाटी घेतली.