खरी शिट्टी

बटण दाबल्याबरोबर टेबलावरचं वीतभर इंजिन शिट्टी देऊन निघालं, आणि काकूंनी हात झटकन मागे घेतला.

"ही शिट्टी कुणाची?"

"खऱ्या इंजिनाची आहे काकू. स्टेशनावर रेकॉर्ड केलेली," शिट्टीमास्तर म्हणाले. छोट्या आगगाड्यांमध्ये आवाजाची चिप बसवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

इंजिन काकूंच्या नवऱ्याचं. ते गेले, आणि इंजिन निघताना धक्का द्यायला लागलं. तेवढा धक्का घालवा, असं सांगून काकू ते ठेवून गेल्या होत्या. चिपमधले दोन आकडे बदलले की संपलं, इतकं साधं काम. पण चिपमधली शिट्टी ऐकून मास्तरांना राहवलं नाही. तोंडाने फुर्र केल्यासारखी ती शिट्टी, तीही शेवटी तुटलेली. त्यांनी बायकोला बोलावून ऐकवली, दोघं पोट धरून हसले आणि मग मास्तरांनी मोठ्या मनाने, फुकटात, नवे आवाज भरले. नवे भरले की जुने पुसले जातात, ते पुन्हा मिळत नाहीत, हे तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असत.

"ह्यांनी स्वतः वाजवली होती हो, तोंडाने," काकू म्हणाल्या. "ती कुठं गेली?"

मास्तर घाईघाईने म्हणाले, "चिप बिघडली होती. नवीन भरावं लागलं."

"मग ह्यांनीच काहीतरी करून ठेवलं असणार. हात जड होता त्यांचा. सारखं काहीतरी उघडून बसायचे, मी ओरडायचे." काकू इंजिन खोक्यात ठेवू लागल्या. "एवढी एक गोष्ट मागे ठेवली, तीही धड नाही."

हे मात्र मास्तरांना सहन होईना. गेलेला माणूस त्यांच्या चुकीसाठी बोलणी खात होता आणि ते समोर बसून ऐकत होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, चिप चांगली होती. मीच पुसली," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "मला वाटलं, जरा बरी शिट्टी घालून देऊ."

काकू स्टुलावर बसल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"ऐकून हसलात का?" त्यांनी विचारलं.

"हसलो."

"तेही हसले होते. मी दारात उभी राहून बघत होते, म्हणून त्यांना शेवटी हसू फुटलं. पुन्हा करा म्हटलं, तर म्हणाले, राहू दे अशीच."

मास्तरांनी खोकं हळूच त्यांच्याकडे सरकवलं.

"आता ती तुम्हीच शेवटची ऐकलीत," काकू म्हणाल्या. "मला नीट आठवेनाशी झालीय. जरा करून दाखवता?"

मास्तरांनी ओठांचा चंबू केला. नुसती हवा गेली. त्यांनी ओठ ओले करून पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. काकू डोळे मिटून ऐकत बसल्या होत्या.