पिवळ्या झग्याची पैज

लेकीने रिमोट उचलला, तसा मास्तरांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या पाठीमागच्या उशीखाली सरकवला.

"बाबा, हे काय लहान मुलासारखं?"

"राहू दे. मला नाही बघायचं."

"आता नाही बघितली तर जाईल ही मालिका. या आठवड्यानंतर काढून टाकणार आहेत. इथंच लिहिलंय, वाचा. मग मला म्हणाल, आधी का नाही सांगितलंस."

मास्तरांनी वाचले नाही. टीव्हीवर तेच चित्र थांबून राहिले होते: धक्क्यावर पाठमोरी उभी असलेली काळ्या झग्यातली बाई आणि समोर रिकामा समुद्र. बायको गेल्यापासून मास्तर रोज दुपारी टीव्ही लावायचे, या चित्रापर्यंत यायचे आणि बंद करायचे. शेवटचा एक भाग राहिला होता. तो बघितला की दोघांचे मिळून करायचे असे काहीच उरणार नव्हते, आणि तेवढे एक शिल्लक असावे म्हणून त्यांचा जीव तुटत होता. हे लेकीला सांगण्यासारखे नव्हते. सांगितले असते तर ती रडली असती, आणि मग दोघांना चहा कोणी केला असता?

पुढच्या खोलीत दुकान आणि मागे घर, असा त्यांचा संसार. मास्तर कापड बेतायचे, मशीनवर टीप मारायचे. बायकोकडे हातशिलाई आणि काज-बटण. गिऱ्हाइके त्यांना मास्तर म्हणत, म्हणून ती आपसूक मास्तरीणबाई झाली होती. या विलायती मालिकांचे वेड घरात शिरले ते चुकून. लेकीने टीव्ही जोडून दिला, मास्तरीणबाईंनी भलतेच बटण दाबले, आणि पडद्यावर मेणबत्त्यांच्या उजेडात शेदीडशे माणसे नाचायला लागली. त्या "अगंबाई" म्हणाल्या. मास्तरांनी हातातल्या विजारीवरून मान वर केली आणि म्हणाले, "खांद्याची शिलाई बघ काय घेतलीय!" झाले. त्या दिवसापासून दोघेही कामातून गेले.

इंग्रजी दोघांचेही जेमतेम. निम्मे खालच्या ओळी वाचून कळायचे, निम्मे चेहऱ्यांवरून. नावे लक्षात राहायची नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी नव्याने केली होती. जो देखणा, श्रीमंत आणि तोंडातून शब्द न काढता भिंतीला टेकून उभा राही, तो खांब. मनातले कधीही न सांगणारी नायिका, ती कुलूप. प्रत्येक मालिकेत एक खडूस, पैसेवाली मामी असायचीच. "मामी आली, आता लग्न मोडणार," असे म्हणत मास्तरीणबाई पदर सावरून पुढे सरकून बसत. खांबाने कुलपाला घोडागाडीत चढताना हात दिला की त्या तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघत, पुन्हा बघत. "बघितलंत? बोटं सोडताना थांबला तो. एवढ्यासाठी चार भाग जीव टांगणीला लावला होता मेल्यानं!" मास्तरांचे लक्ष मात्र त्या हाताच्या बाहीवर.

"अहो, ती धाय मोकलून रडतेय आणि तुम्ही काय बाही बघताय!"

"रडताना हात वर गेला, तरी बाही ओढली जात नाही. कसं बेतलंय म्हणतो मी."

नियम एकच होता. एकट्याने पुढे बघायचे नाही. मास्तरीणबाई एकदा बहिणीकडे राहायला गेल्या असताना मास्तरांनी तो मोडला होता. परत आल्यावर त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "लग्न झालं ना त्यांचं?" पुढे दोन दिवस अबोला. मास्तरांचे जेवणही मशीनच्या टेबलावर आणून आदळले जात होते. त्यानंतर त्यांनी त्या वाटेला जायचे नाव काढले नाही.

लेकीने उशीखाली हात घालून रिमोट काढला.

"एक मिनिट. मी फक्त दाखवते, किती वेळाचा आहे तो." तिने भागांची यादी उघडली. "बाबा, हा तर बघून झालाय."

"कोणता?"

"शेवटचा. ही लाल रेघ बघा. बघून झालेल्या भागाखाली अशी येते. पार टोकापर्यंत गेलीय."

मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. रेघ होती. त्यांनी यादी कधी उघडलीच नव्हती.

"तू बघितलास?"

"मी? मला पहिल्याच भागात झोप लागते, तुम्हाला माहितेय."

"मग काय टीव्हीनं आपला आपण बघितला?"

लेकीने रिमोट खाली ठेवला. मग सावकाश म्हणाली, "आईकडे माझा फोन दिला होता. दवाखान्यात. वेळ जावा म्हणून."

"त्यावर ती जुनेच भाग बघायची. मला म्हणाली होती तसं."

"एकाच खात्यावर चालतं हे बाबा, फोन काय आणि टीव्ही काय. तिला वाटलं असेल, फोनवरचं फोनवरच राहतं."

मास्तरांनाही आत्तापर्यंत तसेच वाटत होते. ते उठले, दुकानात गेले, मशीनचे झाकण काढले आणि पुन्हा बसवले. त्यांना राग आला होता. गेलेल्या माणसावर असा राग येतो याचीच त्यांना लाज वाटली, तरी तो येतच राहिला. आपण इतके दिवस त्या चित्रापाशी थांबून राहिलो, आणि हिने खुशाल बघून टाकले! एका शब्दाने सांगितले नाही! उलट तोंड वर करून...

त्यांचा हात झाकणावर राहिला. त्यांना पैज आठवली.

डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून सांगितले त्याच्या पुढच्या दिवसांतली गोष्ट. मास्तर तोंड धुऊन, केस विंचरून आत गेले होते आणि म्हणाले होते, "सुधारणा आहे म्हणतात. घरी गेलीस की पहिल्यांदा शेवटचा भाग बघू." रोज तेच म्हणत. त्या रोज म्हणत, "हो, बघू ना." आणि एका दुपारी, उशीला टेकून बसल्या बसल्या, एकदम म्हणाल्या होत्या,

"अहो, लावता पैज? शेवटच्या भागात कुलूप पिवळा झगा घालणार."

पिवळा झगा म्हणजे पहिल्या भागातला, नाचाचा. तो घालून ती खांबाला पहिल्यांदा भेटली होती. मग लग्न झाले, खांब जहाजावर गेला, जहाज बुडाल्याची बातमी आली, आणि तेव्हापासून ती काळ्यात होती.

"छे!" मास्तर हिरिरीने म्हणाले होते. कपड्यांच्या बाबतीत ते ऐकून घेत नसत. "एवढ्या मालिका बघून हेच शिकलीस? आधी काळा, मग राखाडी, मग फार तर जांभळट. पिवळ्यापर्यंत यायला काळ जातो. आणि तो परत आला असेल, तर गोष्ट वेगळी. परत येणार म्हणतेस तो?"

"मी असं कुठं म्हटलं? मी झग्याचं बोलतेय."

"तो आल्याशिवाय झगा कसा येईल?"

"तेच तर. लावा की पैज."

"हरलीस तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते. आणि तुम्ही हरलात, तर तो निळा कोट घालायचा. दिवसाढवळ्या, गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि चहा पिऊन यायचं."

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली होती.

निळा कोट दुकानातल्या खुंटीवर, कापडाच्या पिशवीत होता. खांबाचा बघून मास्तरांनी तो स्वतःच्या मापाचा बेतला होता. मागे लांब, कंबरेत बसता, दुहेरी बटणांचा. मास्तरीणबाईंनी त्याची काजे हाताने केली. पण एवढा थाटाचा कोट घालून जायचे कुठे? "लोक हसतील," म्हणून मास्तरांनी तो एकदाही अंगात चढवला नव्हता.

ते मागच्या खोलीत आले. लेक तिथेच बसली होती.

"तिला कोणी सांगितलं होतं का? डॉक्टर काय म्हणाले ते?"

"नाही. मला विचारलं होतं तिनं. मी म्हटलं, बाबांना विचार." तिने नाक पुसले. "तुम्हाला विचारलं?"

"नाही," मास्तर म्हणाले. "मला नाही विचारलं."

घरी येऊन बघायचे असते, तर ती थांबली असती. भूक, झोप, काय वाटेल ते सोडले असते तिने, पण हा नियम मोडला नसता. मोडला, याचा अर्थ एकच होता. आणि तरी रोज ती आपले "सुधारणा आहे" ऐकून घेत होती. आपण तिच्यापासून लपवतोय या समजुतीत मास्तर तिच्या खाटेपाशी बसत होते, आणि ती त्यांना सांभाळून घेत होती. मास्तरांना फार एकटे वाटले. ती गेली त्या दिवशीही इतके वाटले नव्हते.

"लाव," ते म्हणाले.

लेकीने भाग लावला. मास्तर नेहमीच्या जागी बसले, सोफ्याच्या डाव्या कडेला. उजवी कड रिकामी राहिली. लेक खुर्चीत बसली. बराच वेळ काही घडले नाही. मामी येऊन गेली. पाऊस पडला. कुलूप काळ्या झग्यात खिडकीशी बसून होती. कोणीतरी तिला नाचाचे आमंत्रण दिले आणि तिने नकारार्थी मान हलवली. मास्तर मनात म्हणाले, बघ, हरलीस. मग दार उघडले आणि ती जिना उतरत खाली आली.

पिवळ्या झग्यात.

"आला वाटतं तो," लेक पुटपुटली.

मास्तरही पुढे झुकले. आता दारात खांब दिसणार, म्हणून ते दाराकडे बघत राहिले. दारात कोणी नव्हते. खांब आला नाही. नाचाच्या दालनात नाही, रस्त्यावर नाही, शेवटपर्यंत कुठेच नाही. कुलपाचा झगा छातीपाशी दोन बोटे आत घेतलेला दिसत होता, कारण मधल्या काळात ती वाळली होती. मास्तरांच्या नजरेतून ते सुटले नाही. दालनात सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ती बघू देत होती. मग तिने धाकट्या दिराचा हात धरला आणि नाचाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिथेच संपले.

पडद्यावर नावे सरकत राहिली.

"हा काय शेवट?" लेक म्हणाली. "तो मेलाच की."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. "लबाड," ते म्हणाले. "लबाड कुठली." आणि मग त्यांना जे आवरत नव्हते, ते त्यांनी आवरले नाही. लेक उठून त्यांच्या उजवीकडे येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत जायला सामान भरत असताना दुकानाचे शटर वर जाण्याचा आवाज आला. ती धावत पुढे आली. मास्तर आरशासमोर निळा कोट घालून उभे होते.

"बाबा!"

"सुई दे ती. आणि निळा दोरा."

त्यांनी उजव्या खिशातून एक बटण काढले. त्याला दोऱ्याचे दोन-तीन वेढे होते. मास्तरीणबाईंची ही पद्धतच होती. कपडा माणसाच्या अंगावर चढल्याशिवाय त्या शेवटचे बटण लावत नसत. दोरा गुंडाळून खिशात ठेवून देत. आज आहे तसे माप उद्या राहीलच असे नाही, म्हणत.

मास्तरांनी काज ओढून बघितले. कोट ढगळ झाला होता. बटण बोटभर आत घ्यावे लागणार होते. त्यांनी खडूने खूण केली, कोट काढून मांडीवर घेतला, त्या वेढ्यातला दोरा सोडवला, आणि लेकीने आणलेला बाजूला ठेवून तोच सुईत ओवला. दोन वेळा चुकला. लेक हात पुढे करत होती, पण त्यांनी सुई दिली नाही.

मग ते बाहेर पडले. समोरचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री तशीच धरून बघत राहिला.

"मास्तर! नाटकात काम मिळालं की काय?"

"पैज हरलो."

"कुणाशी लावली होती?"

"होती एकजण," मास्तर म्हणाले. "आधी बघून बसली होती, आणि मग लावली." त्यांनी शेवटचे बटण काजात घातले आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागले.