चौघांनी उचलायचं कडं

मी एक तुंदुक आहे. लोकरीच्या गोल घराच्या माथ्यावर जे लाकडी कडं बसवतात, ज्यातून धूर वर जातो आणि उजेड खाली येतो, ते मी.

अक-सू गावच्या एका म्हाताऱ्या सुतारानं मला घडवलं. वाळुंजाच्या फांद्या ओल्या शेणखताच्या उबेत मऊ केल्या, गुडघ्यावर दाबून वाकवल्या आणि वर लाल रंग दिला. कादिरबेक नावाच्या मेंढपाळानं मला घरी नेलं. दर उन्हाळ्यात तो मला दुबेळक्याच्या काठीवर घेऊन वर उचलायचा, आणि बायकामुलं भोवतीनं वासे खोचायची. कड्याला घरातल्या पुरुषानंच हात लावायचा, अशी तिकडची रीत. कादिरबेक गेला, मुलांनी विटांची घरं बांधली, आणि नातवानं मला काराकोलच्या संग्रहालयात आणून दिलं.

मी तसा आकारानं लहान. म्हणून मला मुलांच्या खोलीत ठेवलं, जिथं वस्तूंना हात लावायला परवानगी असते. खोली सबिरा एजेच्या ताब्यात; एजे म्हणजे ताई, वयानं मोठ्या बाईला तिकडे तसंच म्हणतात. पन्नाशीची, गुडघेदुखीनं बेजार बाई, पण पोरांवर कधी खेकसली नाही. मला पुन्हा माणसांचे हात लागू लागले. ते दिवस चांगले होते.

गेल्या वसंतातल्या एका रविवारी सलकिन नावाची बाई तीन मुलांना घेऊन आली. मेरिम चौदा वर्षांची, तिलेक नऊचा, नुरिला चार वर्षांची. नवरा तीन हिवाळे रशियात बांधकामावर. सलकिन कारखान्यात शिवणकाम करायची, महिन्यातून एकच रविवार तिला मोकळा. तो वाया जाऊ नये म्हणून ती दारातल्या खेळांच्या यादीसमोर कितीतरी वेळ उभी राहिली. लोकर लाटायची तर गरम पाणी, नुरिलाला मनाई. दगडावर कोरलेल्या बोकडाचा ठसा कागदावर उमटवायचा, तर मेरिम म्हणाली, हे बाळांचं काम आहे. कोमूज हे तारांचं वाद्य वाजवायला तिलेक तयार, पण धाकटीच्या हातात ते मावेना. मेरिम खिडकीशी जाऊन बसली. मी बाहेरच थांबते, म्हणाली. सलकिनचा चेहरा पडला.

"एजे, तिघांना मिळून करता येईल असं काही नाहीच का?" तिनं विचारलं.

"वयं कशाला मोजतेस, बाळ?" सबिरा म्हणाली. "प्रत्येकाच्या हाताला काम मिळतंय का, तेवढं बघ." आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. चौघांनी मिळून लोकरीचं छोटं घर उभारायचं.

नुरिलानं दोऱ्या द्यायच्या, तिलेकनं वासे खोचायचे, सलकिननं जाळीची भिंत धरायची. राहिलं कडं उचलणं. मेरिम नाइलाजानं उठली. पण एकदा काठी हातात आल्यावर तिनं मला असं नेमकं तोललं की मला कादिरबेक आठवला. तिलेकनं सात वासे बसवले. सलकिन हसत होती. सबिरानं नंतर कुणाला तरी सांगितलं, ती बाई आत आली तेव्हा तिला हसता येत असेल असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात नुरिला मेरिमला म्हणाली, "एजे, तू दमलीस तर ठेव खाली. बाबा आले की ते उचलतील."

तिलेकनंही मान डोलावली. शरद ऋतूत बाबा येणार, असं आपानं, म्हणजे आईनं, त्याला सांगितलं होतं.

मेरिमची पकड आवळली. ते काठीतून मला कळलं.

"बाबा येणार नाहीत," ती म्हणाली. "तिथं त्यांचं दुसरं घर झालंय. आत्याच्या फोनमध्ये फोटो आहे. बाळ आहे कडेवर."

काठी कलली. सलकिननं धाव घेतली, पण तोवर मी खाली आलो होतो. माझी कड तिलेकच्या खांद्यावर बसली आणि मग फरशीवर माझा सांधा उकलला.

तिलेक रडला नाही. खांदा धरून तो आईकडे बघत राहिला.

"आपा, खरं आहे?"

सलकिन त्याच्याजवळ खाली बसली. "खरं आहे," ती म्हणाली. मग मेरिमकडे वळली. "मला वाटलं, तुला माहीत नाही."

"मला वाटलं, तुलाच माहीत नाही," मेरिम म्हणाली.

कितीतरी महिने त्या दोघी एकाच चुलीशी बसून एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या. मी साठ वर्षं माणसांच्या डोक्यावर राहिलो, भांडणं ऐकली, रडणं ऐकलं. पण असली शांतता कधी ऐकली नव्हती. सबिरानं बर्फ आणून तिलेकच्या खांद्यावर धरला. कडं पुन्हा उचलू का, असं मेरिमनं विचारलं. सबिराला नाही म्हणावं लागलं. तडा गेला होता. घर अर्धंच राहिलं आणि ती माणसं निघून गेली.

दुसऱ्या आठवड्यात वरून हुकूम आला. मुलांना इजा होते, हा खेळ बंद. मला काचेच्या आड भिंतीला टेकवलं. सबिरानं दोनदा अर्ज केला की सुतार बोलवा, सांधा जुळेल. उत्तर आलं नाही.

मागच्या महिन्यात ती चौघं पुन्हा आली. यादीकडे कुणी पाहिलं नाही, सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मेरिमनं काचेवर कपाळ टेकलं.

तिलेकनं सबिराला विचारलं, "माझा खांदा बरा झाला. मग याला अजून का कोंडलंय?"

याचं उत्तर ज्यांच्या हातात आहे, त्यांना मी एवढंच सांगतो: मी पडलो ते माझ्या वजनानं नाही, त्या मुलीवर पडलेल्या वजनानं. मला सुतार द्या, आणि मग तिच्याच हातात द्या. या वेळी तिची आई काठीला दुसरा हात लावील.