आ करा

"आ करा," भूल देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या. काचवाल्याने जमेल तितकं तोंड उघडलं. बाईंचं एक बोट कसंबसं आत शिरलं.

पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन पंधरवडा उलटला होता. पोट बरं झालं, पण शुद्धीवर आल्यापासून जबडा धरलेला. कानापासून गालापर्यंत नुसता ठणका. उभा जन्म लोकांच्या खिडक्यांना काचा बसवण्यात घालवलेला हा गडी, ताटावर बसला की आता त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"भूल दिल्यावर तुमचा श्वास अडत होता," बाई त्याचा गाल चोळत म्हणाल्या. "जबडा पुढे ओढून धरावा लागला. घशात नळी घालायलाही वेळ लागला. माझ्याकडून जरा जास्तच ताण बसला असावा. चुकलंच माझं."

"चुकलं म्हणून भागतं का?" काचवाल्याची बायको उसळली. "चांगला चावूनचावून खाणारा माणूस दिला होता तुमच्या हातात! आज मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार करणार म्हणजे करणारच."

बाई मान खाली घालून चोळत राहिल्या. गालावर तो हात फिरत होता आणि काचवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी याच बाईंनी विचारलं होतं, "जबडा कधी अडकतो का?" अडकायचा. कित्येक वर्षं, मोठी जांभई दिली की अडकायचा आणि तो अंगठ्याने दाबून गुपचूप जागेवर बसवायचा. पण ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं होतं, पोटातल्या कळांनी जीव नकोसा झाला होता. आता हे निमित्त कशाला द्या, म्हणून तो बोलून गेला होता, "छे हो!"

बायको पिशवी उचलून दाराकडे निघाली.

"थांब," तो दातांमधूनच म्हणाला. "आधीपासून अडकतो. यांनी विचारलं होतं. मी खोटं बोललो."

बाईंचा हात थांबला.

"सांगितलं असतंत तर वेगळी तयारी केली असती," त्या हळूच म्हणाल्या. "ऑपरेशन नसतं हो टाळलं."

बायकोने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "किती घालूनपाडून बोलले मी तुम्हाला," एवढंच म्हणाली आणि तिने हात जोडले.

घरी येताना ती पुढे पुढेच चालत होती. आल्या आल्या तिने उकडलेले बटाटे दुधात कुस्करले, ताटली त्याच्यापुढे सरकवली आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागली. काचवाला ताटलीकडे बघत बसला.

"गार होतंय," ती पाठमोरीच म्हणाली.