ताटाचे दोन ठोके

चूक सुकेशनीचीच होती, आणि ती तिनं कधीच कबूल केलीय, तेव्हा आपण तिची वकिली करायला जायचं कारण नाही. झालं असं, की बोरीच्या तात्यारावांचा कॉम्प्युटर तिनं एका शनिवारी नवा केला. म्हणजे डबा तोच जुना, आतली व्यवस्था नवी. मशीन रीतसर विचारत होतं, एवढं एवढं काढून टाकू का म्हणून. कानातला आवाज दोनशे नावं धाडधाड वाचत सुटला होता, बाहेर परभणीची बस हॉर्न देऊन देऊन थकली होती, आणि बाईंनी एंटर दाबला. त्या दोनशे नावांत कुओवी होतं.

सुकेशनी खरात परभणीत एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे. वय एकतीस. सहाव्या वर्षी तापात दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून सगळं कानावर. पडद्यावर लिहिलेलं मशीन तिला वाचून दाखवतं आणि ती कळा दाबत जाते. डोळस माणसाला शेजारी बसून लाज वाटावी इतकी भराभर. तात्यारावांचं तसं नव्हतं. ते जिंतूरच्या रस्त्यावर वीस वर्षं जीप चालवायचे. काचबिंदूनं नजर गेली ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. मग आठ महिने भिंतीकडं तोंड करून बसले. सुकेशनीनं कुणीतरी टाकून दिलेला कॉम्प्युटर दुरुस्त करून त्यांच्या घरी नेला, बोटं धरून कळा शिकवल्या आणि त्यात कुओवी घालून दिलं.

कुओवी म्हणजे रेडिओ. जगातलं कुठलंही स्टेशन इंटरनेटवरून लागतं, आणि मुख्य म्हणजे त्याचं प्रत्येक बटण आपलं नाव सांगतं. तात्यारावांनी कीर्तनं ऐकली, क्रिकेट ऐकलं, एकदा तर सलग चार दिवस तुर्कस्तानचं स्टेशन ऐकलं. शब्द कळत नव्हता. पण बोलणारा माणूस खरं बोलतोय असं वाटतं, म्हणाले.

आणि तेच सुकेशनीनं एका एंटरनं उडवलं. तात्याराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते फोनवर एवढंच म्हणाले, "जाऊ द्या म्याडम. लय दिवस ऐकलं." मागून त्यांच्या बायकोनं, सरजाबाईनं, फोन घेतला आणि हळूच सांगितलं, "पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसायलेत." सुकेशनीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कुओवी परत आणायचं तर ते नव्या व्यवस्थेत का नाही हे आधी बघायला हवं होतं. कारण निघालं भलतंच. ते फिनलंडच्या एका माणसानं बनवलेलं आणि कुणीही घ्या म्हणून जगाला वाटलेलं. कुओवी हे तिकडच्या एका पाखराचं नाव. रेडिओ उघडला की एक शीळ वाजायची, ती त्यानं कुठून उचलली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो बाबा तीन वर्षांपासून कुणाच्या पत्राला उत्तर देईना. शिळेचा मालक सापडत नाही, म्हणजे परवानगी नाही, म्हणजे व्यवस्थेच्या नव्या आवृत्तीतून अख्खं कुओवीच बाहेर. ही व्यवस्था जगभरातले लोक हौसेनं बनवतात आणि फुकट वाटतात. फुकट वाटणाऱ्यांचा कारभार ढिला असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. हे लोक सामान बांधून पाठवतात तेव्हा आत काय आहे, ते कुठं ठेवायचं, सोबत काय लागतं याची चिठ्ठी तर लावतातच. वर प्रत्येक वस्तू कुणाची आणि त्यानं ती वाटू दिलीय का, हेही लिहून मागतात. या बांधलेल्या गाठोड्याला पॅकेज म्हणायचं.

मग शीळ काढून टाका, झालं, असं डोळस माणूस म्हणेल. सुकेशनीनं आधी तेच केलं. शिळेशिवाय पॅकेज बांधलं, पेनड्राइव्हवर घेऊन बोरी गाठली. तात्यारावांचं मशीन म्हातारं, कुओवी उघडायला अर्धा मिनिट घेतं. उघडलं का नाही हे सांगायला काही वाजेचना. तात्यारावांना दम धरवेना, त्यांनी कळा दाबल्या, त्या भलतीकडंच लागल्या, आणि मशीन त्यांना कॅलेंडर वाचून दाखवायला लागलं. "फेब्रुवारी. फेब्रुवारी. फेब्रुवारी." तात्यारावांनी हात मांडीखाली घेतले. वर पुढच्याच आठवड्यात एक अपडेट आलं आणि त्यानं हे घरगुती गाठोडंही बाहेर फेकलं. म्हणजे रीतसर दारातनंच आत जायला पाहिजे होतं, आणि आवाजासकट. सामान आत घ्यायची शेवटची मुदत होती रविवारी संध्याकाळी सहाला. ती हुकली की दोन वर्षं थांबा.

सुकेशनीनं इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या घंटा ऐकल्या. एक लिफ्टसारखी, एक शाळा सुटल्यासारखी, एक तर हुबेहूब तिच्या ऑफिसच्या फोनसारखी. ती वाजली की हिचा हात आपोआप पुढं.

"काय गं सारखं टिंगटिंग लावलंस? डोस्कं उठलं माझं," आतून तिची आई, चांगुणाबाई, ओरडली. पीठ मळायला बसली होती.

सुकेशनीनं सगळं सांगितलं. आईनं सगळं ऐकलं आणि नेमकं विचारलं, "मंजे, आलं एवढं कळलं पायजे. आसंच ना?"

"आसंच."

"मंग येवढा धिंगाणा कशाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात सुकेशनीच्या फोनवर आईचा आवाजी निरोप आला. आत एक शब्द नाही. फक्त दोन ठोके. टिण्, टिण्. सुकेशनीनं ते ऐकलं आणि तिला एकदम भूक लागली.

कारण ते ठोके तिचे रोजचे होते. डोळे गेले त्या वर्षापासून आई ताट तिच्यापुढं ठेवते आणि पळीनं काठावर दोनदा वाजवते. ताट हितं हाय, असा त्याचा अर्थ. लग्नाच्या पंगतीतही वाजवायची. दहावीत असताना सुकेशनीला याची इतकी लाज वाटली होती, की ती एकदा उपाशी उठली होती. आता मात्र ती खुर्चीतच हसायला लागली. यापेक्षा चांगला आवाज फिनलंडच्या बापालाही सुचला नसता.

शुक्रवारी तिनं ठोके साफसूफ करून आत बसवले, पॅकेज बांधलं आणि पाठवलं. सोबत टीप लिहिली, की नवा आवाज माझ्या आईनं रेकॉर्ड केलाय. आणि खाली मालकांच्या यादीत, त्या आवाजापुढं, लिहिलं स्वतःचं नाव.

शनिवारी सकाळी पॅकेज परत. तपासणारी वैदेही नावाची कुणी होती, तीही फुकटच काम करणारी, सुकेशनीला कधी भेटलेली नाही. तिनं लिहिलं होतं: "टिपेत आपण आवाज आईंनी रेकॉर्ड केल्याचं म्हणता. यादीत आईंचं नाव नाही, त्यांची लेखी परवानगी नाही. उद्या सहापर्यंत दुरुस्त करून पाठवलंत तर घेता येईल."

सुकेशनी भडकली. आईची परवानगी? आईच्या वस्तूला कुणी परवानगी विचारतं का? एकतीस वर्षांत तिनं आईची शाल, आईचा कंगवा, आईची झोप, सगळं न विचारता वापरलं होतं. नाव लिहिताना तिच्या मनात पापसुद्धा नव्हतं. आईचं ते आपलंच, यात लिहायचं काय! पण मुदत तर मुदत. तिनं परवानगीचा मजकूर मराठीत उतरवला आणि आईला वाचून दाखवला. हा आवाज जगात कुणीही घ्यावा, वाजवावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, विकावासुद्धा, माझी हरकत नाही.

"माझी हाय," चांगुणाबाई म्हणाली.

"काय?"

"हरकत. तात्यारावाला देलं मी. खुशाल वाजवा म्हणावं. पण जगाला कामून? आन बदलावा मंजे? माझे ठोके कुणी बिघडवले तर? न्हाई. मी न्हाई देत."

सुकेशनीला आधी वाटलं, थट्टा करायलीय. मग कळलं, नाही करत. तिनं समजावलं, चिडली, रुसली, बापाला मध्ये घातलं. बाप सिताराम, एसटीतून रिटायर झालेला मेकॅनिक, बाजेवरून म्हणाला, "देऊन टाक की. तुझं काय जायलंय?" हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. त्यानंतर शनिवारभर चांगुणाबाई कुणाशी बोललीच नाही. काम सगळं केलं, चहा दिला, ताट वाढलं, ठोकेही वाजवले, पण तोंड बंद.

रविवारचे दोन वाजले. सुकेशनीचा जीव टांगणीला लागला होता. बोरीची ती भिंत तिनं कधी पाहिलेली नव्हती, पण हात लावला होता. मातीची, थंडगार, पोपडे आलेली. तात्याराव तिच्याकडं तोंड करून बसलेत, आणि आपल्यामुळं बसलेत, हे तिला सहन होत नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आई, त्या फिनलंडच्या माणसानं तुझ्यासारखंच न्हाई म्हणलं असतं तर तात्याला रेडिओ कुठून मिळाला असता?"

भांड्यांचा आवाज थांबला. "त्यानंबी आसंच लिहून देलंय?"

"शब्दाला शब्द. कुणीबी घ्या, बदला, वाटा."

"तात्यारावाची आन त्याची वळख?"

"कुठली आलीय! त्याला बोरी कुठं हाय तेबी माहीत नसंल."

 चांगुणाबाई हात पुसत आली आणि लेकीला घेऊन खाली बसली. "द्यायचंच होतं मला," ती म्हणाली. "पण सुके, माझं काय बी घेताना आजपस्तोर कुणी इचारलं न्हाई गं. ना तुज्या बापानं, ना तू. पयल्यांदा कुणीतरी इचारलं. तर लगीच हो म्हणू व्हय? म्हणलं, एकडाव न्हाई म्हणून तर बघावं, कसं लागतंय."

 सुकेशनीला रडू आलं, आणि तेही आईच्या पदरालाच पुसलं, न विचारता.

"मग? कसं लागलं?" तिनं विचारलं.

"लय ग्वाड," आई म्हणाली. "आता लिही. नाव माझं."

"चांगुणाबाई सिताराम खरात."

"सिताराम कशाला? मी ठोके वाजवले तवा ते घोरायलते."

"अगं, ताट तर माजंच हाय ना?" बाजेवरून तक्रार आली.

"ताट माज्या मायनं देलंय. तुमी गुमान पडा."

परवानगी आईच्याच फोनवरून गेली पाहिजे होती. सुकेशनीचा मजकूर चांगुणाबाईला पसंत पडला नाही. फारच कोर्टातला वाटला. तिनं स्वतः सांगितला तो असा: मी चांगुणाबाई खरात, मुक्काम परभणी. ठोके मी वाजवले, मीच फोनात भरले. कुणीबी घ्या, कुणालाबी द्या, इकले तरी चालतील. शक्यतो बिघडवू नका. बिघडवले तरी माझी हरकत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी सगळं गेलं. पाच वाजले. सव्वापाच. सुकेशनी दर मिनिटाला मेल वाचवून घेत होती आणि मशीन दर मिनिटाला शांतपणे सांगत होतं, नवीन काही नाही. पाच चाळीसला उत्तर आलं.

"शेवटून दुसरं वाक्य अट म्हणून लिहिलं असतं तर अडचण होती," वैदेहीनं लिहिलं होतं. "पण शेवटचं वाक्य आहे, त्यामुळं चालेल. पॅकेज घेतलं आहे. आईंना माझा नमस्कार सांगा."

सुकेशनीनं ते तीनदा ऐकलं. तीन आठवडे छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला असं तिला झालं. ती आतल्या खोलीत गेली आणि सतरंजीवर आडवी झाली, दिवसाउजेडी, भर पावणेसहाला. आईनं तिला उठवलं नाही.

बुधवारी कुओवी सगळीकडं पोचलं. या वेळी बोरीला जायचं नाही असं सुकेशनीनं ठरवलं होतं. तिनं दुपारच्या सुट्टीत फोन लावला आणि तात्यारावांना कुओवी मागवून घ्यायची एक ओळ अक्षर अक्षर सांगितली. ते नको नको म्हणत होते, पण बोटं चालत होती. कळांचा आवाज तिला ऐकू येत होता.

"आता पासवर्ड टाका, तात्या."

"सरजे, भाईर जाय जरा," तात्याराव म्हणाले. आणि एकेक कळ जपून दाबली.

मशीननं बराच वेळ सामान उतरवून घेतलं. "झालं म्हणायलंय," तात्याराव म्हणाले. सुकेशनीनं उघडायची कळ सांगितली. अर्धा मिनिट थांबायचं होतं. तात्यारावांचा श्वास तेवढा फोनवर येत होता. कळांना त्यांनी हात लावला नाही.

टिण्, टिण्.

"आलं!" तात्याराव ओरडले. "म्याडम, आलं, आपसूक कळलं!"

मग कळा वाजल्या, एकामागं एक, धडाधड, आणि कुठल्यातरी देशातला माणूस फोनमध्ये मोठमोठ्यानं बोलायला लागला. सुकेशनी हॅलो हॅलो करत राहिली. कुणी ओ देईना. शेवटी तिनं फोन ठेवला.

पंधरा मिनिटांनी तिला राहवेना. पुन्हा काही भलतंच तर लागलं नाही ना? तिनं परत फोन लावला. उचलला सरजाबाईनं. मागं रेडिओ जोरात चालू होता.

"ताई, ते ऐकायलेत," सरजाबाई आवाज चढवून म्हणाली. "लयच अर्जंट काम नसंल तर मागून करा म्हणले."

"न्हाई, न्हाई," सुकेशनी म्हणाली. "माझं काहीच काम न्हाई."