चार बोटं

“ती काठी आधी आत ठेवा,” मुख्य पंच म्हणाले. “आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, काका. सगळं जग बघतंय. गुरं हाकायला आल्यासारखे दिसताय.”

त्यांच्यामागची कोटवाली मंडळी हसली. काठीकाकांना काही हसू आलं नाही. एकवीस वर्षं ते या मैदानावर शर्यतीचे अडथळे लावत होते आणि तेवढीच वर्षं ती काठी त्यांच्या हातात होती. पुरुषांच्या अडथळ्याच्या उंचीला बरोबर कापलेली, टोकाला पत्रा ठोकलेली. अडथळा ठेवला की काठी शेजारी उभी करायची, उंची बघायची आणि वरच्या फळीवर तळहाताने एक दाब द्यायचा. आतली कळ अर्धवट अडकलेली असेल तर फळी तिथेच सटकन खाली बसायची.

“साहेब, उंची कशी बघू मग?”

“खुणा आहेत की खांबावर. डोळे आहेत ना?”

काकांनी काठी सामानाच्या खोलीत ठेवली आणि मनातल्या मनात साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बायकांची शर्यत संपली होती. ऐंशी अडथळे नव्या खुणांवर न्यायचे आणि त्यांची उंची वाढवायची, सगळं मिळून सहा मिनिटांत. सहा माणसं कामाला भिडली. काकांनी प्रत्येक खांबावरची खूण डोळ्यांनी तपासली. दाब मात्र एकाही अडथळ्याला दिला नाही. हातात काठी नसली की तळहाताला दाब द्यायचं सुचतच नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. तेही उशिरा.

पाचव्या लेनमध्ये बगळ्या होता. हे नाव काकांनीच ठेवलेलं, तो तेरा वर्षांचा असताना, त्याच्या तंगड्या बघून. तेव्हापासून रोज सकाळी काका अडथळे लावणार आणि हा त्यांवरून जाणार, असं अकरा वर्षं चाललं होतं. पोटच्या पोराने असा जीव लावला नसता. देशाचा माणूस या शर्यतीच्या अंतिम फेरीत पहिल्यांदाच पोचला होता.

बार वाजला. सगळं चौदा सेकंदांच्या आत आटोपलं. पहिले दोघे सरळ निघून गेले आणि तिसऱ्या जागेसाठी बगळ्या व चौथ्या लेनमधला परदेशी पाहुणा एकदमच रेषेवर झेपावले. फलकावर आकडे यायला वेळ लागला. पाहुणा तिसरा, बगळ्या चौथा. फरक एक शतांश सेकंदाचा. अख्खं मैदान हळहळलं.

काकांना हळहळायलाही सवड नव्हती. पुढच्या शर्यतीसाठी मैदान मोकळं करायचं होतं. चौथ्या लेनमधला सहावा अडथळा उचलून त्यांनी हातगाडीवर ठेवला, तेव्हा तो शेजारच्या अडथळ्यापेक्षा बुटका दिसला. फळी एक खाच खाली बसली होती. पाहुण्याला एक अडथळा कमी उंचीचा मिळाला होता, आणि तो त्यांनीच लावला होता.

ते धावतच मुख्य पंचांकडे गेले. “साहेब, चूक झाली. माझीच चूक. चौथ्या लेनमधला सहावा अडथळा खाली होता.”

“कुठाय तो?”

“गाडीवर.”

“म्हणजे तुम्ही उचललात?”

“उचलायलाच तर सांगितलं होतं!”

“मग तो चौथ्या लेनमधलाच कशावरून? गाडीवर आपटून खाली बसला नसेल कशावरून?”

चित्रफीत लावली. सहाव्या अडथळ्याच्या जागी तीन माणसांचे पाय आडवे आले होते, मागचं काहीच दिसेना.

“काका,” साहेब आवाज उतरवून म्हणाले, “आपला पोरगा हरल्याचं मलाही वाईट वाटतंय. पण म्हणून असलं काहीतरी सांगायचं? लोक तोंडात शेण घालतील.”

“अहो, मी खोटं बोलतोय का? माझी नोकरी जाईल यात! काठी असती तर...”

“काठीचं नाव काढू नका.”

इतका संताप काकांना जन्मात आला नव्हता, आणि तो काढायला जागा नव्हती. स्वतःच्या पापाची कबुली देऊनही लबाड ठरलेला माणूस करणार तरी काय? ते सामानाच्या खोलीत आले. बुटका अडथळा भिंतीपाशी वेगळा ठेवला आणि त्याच्यासमोर बसून राहिले.

बगळ्या आला तो बूट हातात घेऊन, अनवाणी. दर शर्यतीनंतर यायचा, तसाच.

“काका, अडथळे झकास लावले होते तुम्ही. कमी पडलो तो मीच.”

काकांनी सगळं सांगितलं. एक शब्द राखून ठेवला नाही. मान खाली घालूनच सांगितलं.

बगळ्याने कोपऱ्यातली काठी घेतली आणि अडथळ्याशेजारी उभी केली. फळी आणि काठीचं टोक यांच्यामध्ये हात आडवा धरला. बरोबर चार बोटं मावली. बोटं तिथेच राहिली.

“उद्या सकाळी इथे याच उंचीवर कॉलेजच्या पोरांच्या शर्यती आहेत ना?” त्याने विचारलं.

“आहेत.”

त्याने फळी वर ओढली. कळ खट्ट वाजली. वरून तळहाताने दाब दिला, काकांसारखाच. फळी हलली नाही. अडथळा उचलून त्याने बाकीच्यांच्या रांगेत ठेवला, बूट घेतले आणि गेला.

काका रांगेकडे बघत राहिले. आता त्यातला तो अडथळा कुठला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.