न जळणारी मेणबत्ती

मित्रांनो, मला पाहून फसू नका. वरून मी खऱ्या मेणबत्तीसारखीच दिसते, पण माझ्यात वात नाही आणि आगही नाही. पोटात दोन बॅटऱ्या, तळाला एक बटण आणि डोक्यावर प्लास्टिकची चिमुकली जीभ. बटण दाबले की ती जीभ उजळते आणि ज्योतीसारखी डुलते. मी लग्नाच्या स्वागत समारंभात टेबलावर ठेवायची, बॅटरीवर चालणारी एक जुनी मेणबत्ती आहे. आणि सांगायला कशाला लाजू, मी फार भित्री आहे.

भित्री मी जन्मापासूनच. माझे अंग मात्र खऱ्या मेणाचे. कारखान्यात गरम मेण साच्यात ओतून मला घडवले, तेव्हाच मला कळून चुकले की आगीशी आपले काही जमायचे नाही.

पुढे सजावटवाल्या मावशींनी आम्हा चाळीस जणींना विकत आणले. समारंभातली टेबले सजवणे हा त्यांचा व्यवसाय. आधी त्या खऱ्या मेणबत्त्या लावत. एकदा पाणी वाढायला वाकलेल्या बाईंची बाही पेटली. हात वाचला, पण त्यांची किंकाळी मावशींच्या कानातून गेली नाही. त्या दिवसापासून त्यांच्या पिशवीतली काडेपेटी गेली. काचेच्या बरण्यांत त्या बारीक दिव्यांच्या माळा ठेवू लागल्या. पाण्याच्या वाडग्यांत फुले सोडून तळाला छोटा दिवा लावू लागल्या. आणि मधोमध आम्ही. आम्ही आलो त्या दिवशी त्यांनी जाळीच्या कापडाचा तुकडा एकेकीच्या जिभेवर टेकवून पाहिला आणि म्हणाल्या, "हं! आता माझा जीव भांड्यात पडला."

कितीतरी समारंभ सुखाने पार पडले. पाहुणे आमच्या ज्योतीला बोट लावून पाहत आणि हसत. मलाही हळूहळू धीर येऊ लागला.

मग ती दुपार आली. दालनाचे जाड पडदे ओढलेले होते, म्हणून आमचा उजेड खुलून दिसत होता. मी नवरीच्या टेबलावर होते. नवरीच्या डोक्यावर पायघोळ जाळीची ओढणी, टेबलाच्या कडेने कागदी फुलांची माळ. तेवढ्यात नवरीचे काका आले. हौशी माणूस! मला उचलून म्हणाले, "हे काय? लग्न खरं आणि मेणबत्त्या खोट्या?"

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. "लग्न खरं आहे, म्हणूनच आग नको, काका. इथं सगळी जाळी आणि कागद आहे."

"अहो, मी डोळे उघडे ठेवीन की!"

"नाही म्हणजे नाही."

काकांनी मान डोलावली. पण मावशी दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि काकांनी खिशातून सहा खऱ्या मेणबत्त्या काढल्या. मला बाजूला सरकवून त्यांनी त्या पेटवल्या.

मित्रांनो, माझ्या अंगाला त्या आगीची धग लागू लागली. डावी बाजू मऊ पडली. एक ओघळ खाली उतरला, मग दुसरा. मला ओरडायचे होते, पण माझी जीभ नुसती डुलायची, बोलायची नाही.

कुणाला तरी उकडले आणि उभा पंखा आमच्याकडे वळला. शेजारची ज्योत आडवी झाली. नवरीच्या आईची आई तिथेच जेवत होती. ती म्हणाली, "अहो, ती ज्योत बघा कशी झुकतेय. फुलाला लागेल."

"आजी, तुम्ही निवांत जेवा हो. सगळ्यांचं लक्ष आहे," काका म्हणाले.

आजीने इकडेतिकडे पाहिले. सगळे हसत होते. तिने मान खाली घातली आणि घास उचलला.

दोनच घास झाले असतील. एक फूल पेटले. मग माळ पेटली, आणि ओढणीचे टोकही. काका हातरुमालाने झोडपू लागले, तशी आग आणखीच पसरली. नवरी दगडासारखी बसून राहिली. मावशी धावत आल्या, पिना तुटतील याची पर्वा न करता त्यांनी ओढणी खेचून जमिनीवर फेकली आणि फुलांचे वाडगे एकामागून एक उपडे केले. आग विझली, पण धूर कोंडला. भीतीने कुणीतरी विजेचे मुख्य बटण बंद केले. वरचे सगळे दिवे गेले.

काळोखात खुर्च्या पडू लागल्या. कुणी कुणाला तुडवेल, असे वाटत होते. मावशींचा आवाज आला, "पळू नका! टेबलावरची मेणबत्ती हातात घ्या, खाली वाका आणि दाराकडे चला!"

आजीने मला उचलले. दुसऱ्या हाताने नवरीचे मनगट धरले.  माझी जीभ एरवीही थरथरते, पण त्या दिवशीचे थरथरणे नुसते घडणीतले नव्हते, भीतीचे होते. चाळीस छोटे उजेड वाकून वाकून दाराबाहेर पडले.

सगळे वाचले. नवरीचे एका बाजूचे केस होरपळले, मावशींच्या दोन बोटांना फोड आले. काका पायरीवर बसून म्हणाले, "आजींनी सांगितलं होतं हो मला."

आजी हळूच म्हणाली, "सांगितलं, पण एकदाच. पुन्हा सांगायची भीड वाटली."

त्यानंतर माझे फार कौतुक झाले. कुणी खऱ्या मेणबत्त्यांचा हट्ट धरला की मावशी माझे ओघळलेले अंग दाखवत. मग रिमोटने लांबूनच पेटणाऱ्या नव्या मेणबत्त्या आल्या आणि आम्ही पोटातल्या बॅटऱ्यांसकट खोक्यात गेलो. तिथे मला नवी भीती कळली. बॅटऱ्या पाझरू लागल्या. शेजारणींच्या तारा पांढऱ्या बुरशीसारख्या थराने खाल्ल्या आणि एकेक करून त्या निकामी झाल्या. तो थर माझ्या तारेलाही लागला तेव्हा आपली पाळी आली, असे मी समजले. पण मावशींनी खोके उघडले. आम्हाला पाहून त्यांचे डोळे भरले. "चुकलंच माझं," म्हणत त्यांनी कापसाने आमची पोटे पुसली. अकरा जणी वाचलो. मी आता मंद पेटते, पण पेटते.

म्हणून विनवते, मित्रांनो. आमच्यासारख्या वस्तू ठेवून देताना आधी बॅटऱ्या काढा. टेबल सजवायचे असेल तेव्हा कापडाकागदाजवळ उघडी ज्योत ठेवू नका. आणि कुठे तशी ज्योत दिसली, तर मला नव्हते ते तोंड तुम्हाला आहे. सांगा. मोठी माणसे हसली, तरी पुन्हा सांगा.